एकटीने डोंगरावर जायचं वय

मी नागपूरची. थंडी म्हणजे डिसेंबरातल्या सकाळी अंगावर शाल घ्यायची आणि अकरा वाजता उन्हात संत्री सोलत बसायचं, एवढीच माझी तिची ओळख. अशा बाईने वयाच्या छत्तिसाव्या वर्षी पायांना दोन लांब फळ्या बांधून मिशिगनच्या बर्फावरून घसरत जावं, असं एखाद्या ज्योतिषाने सांगितलं असतं तर माझ्या आईने त्याला चहासुद्धा न देता वाटेला लावलं असतं. पण मी गेले. हौस म्हणून नाही, नाइलाज म्हणून.

दोन हजार एकच्या उन्हाळ्यात आम्ही ॲन आर्बरला आलो. नवऱ्याची नोकरी कन्सल्टिंगची. रविवारी संध्याकाळी तो बॅग घेऊन विमानतळावर जायचा आणि गुरुवारी रात्री परत यायचा. माझ्या व्हिसावर मला काम करायला परवानगी नव्हती. नागपूरला मी अकरा वर्षं शाळेत भूगोल शिकवला होता. अमेरिकेची पंचमहासरोवरं मी दरवर्षी नकाशावर छडीने दाखवायचे आणि मुलांकडून पाठ करून घ्यायचे. आता मी त्याच सरोवरांच्या मधोमध राहत होते, आणि शिकवायला समोर कोणी नव्हतं. काही दिवस असे जायचे की मुलगी शाळेतून येईपर्यंत माझा आवाज मीच ऐकलेला नसायचा.

मुलगी आली तेव्हा सहा वर्षांची होती. वर्षभरात तिचं इंग्रजी पाण्यासारखं वाहायला लागलं आणि मराठी आटली. मी मराठीत विचारायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. यात काही बिघडलंय असं आम्हाला वाटेनासं झालं. खरं म्हणजे तिला वाटेनासं झालं. मला रोज वाटायचं, पण आठवड्यातले चार दिवस घरात बोलायला एकच माणूस असेल तर त्याच्याशी भाषेवरून भांडायचं कसं?

तिसरीत असताना तिच्या वर्गातली निम्मी मुलं स्कीइंगला जायची, म्हणून तिलाही जायचं होतं. घरापासून पाऊण तासावर एक टेकडी होती. तिथले लोक तिला डोंगर म्हणायचे, म्हणून आम्हीही म्हणायला लागलो. नाहीतर आमच्या रामटेकपुढे तिची काय कथा. तिथे एक नियम होता: ठरावीक उंचीपर्यंतच्या मुलांनी लिफ्टवर मोठ्या माणसाबरोबरच बसायचं. नवऱ्याला थंडीचा तिटकारा आणि शनिवारी त्याला झोप हवी असायची. राहिले मी.

पहिल्या दिवशी मला पाच-सहा वर्षांच्या मुलांच्या वर्गात उभं केलं. शिकवणारी कॉलेजमधली मुलगी होती. स्कीजची, म्हणजे त्या फळ्यांची, पुढची टोकं जवळ आणून पाय फाकले की पिझ्झाचा तुकडा होतो, त्याने वेग कमी होतो. पाय समांतर ठेवले की फ्रेंच फ्राइज, त्याने वेग वाढतो. मुलांना ते लगेच कळलं. मी पुढची चार वर्षं पिझ्झावरच काढली. पडले किती याचा हिशेब नाही. पडण्याचं काही नाही, उठताना मात्र नाकी नऊ यायचे. एक पाय सावरला की दुसरा निघून जायचा, आणि शेजारून एखादं पाच वर्षांचं पोर गाणं म्हणत खाली जायचं.

लिफ्ट म्हणजे जाड तारेला लटकलेली दोन माणसांची खुर्ची. ती थांबत नाही. मागून येते, गुडघ्यांमागे धक्का देते आणि बसवूनच घेऊन जाते. मग समोर एक दांडी खाली ओढायची आणि पाय हवेत सोडून वर जायचं. पहिल्यांदा बसलो तेव्हा मुलीने माझा हातमोजा घट्ट धरला आणि म्हणाली, "आई, आपण पडणार नाही ना?"

मराठीत म्हणाली. भीती वाटली तेव्हा तिला तीच भाषा सापडली. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि तिथल्या वाऱ्यात ते गालावरच गार झालं.

दुसऱ्या फेरीला मी नियम केला: दांडी खाली आली की वर जाईपर्यंत फक्त मराठी. तिला तो खेळ वाटला आणि तिने मान्य केला. वर जायला चार मिनिटं लागायची. दिवसाला दहा फेऱ्या धरल्या तर चाळीस मिनिटं. आठवड्यातली ही चाळीस मिनिटं माझी होती. तिथून तिला उठून जाता येत नव्हतं, टीव्ही लावता येत नव्हता, आणि बहुतेक माझ्या तोंडाकडे बघावं लागत नव्हतं म्हणून ती बोलायची. कोणत्या मुलीने जेवणाच्या टेबलावर जागा बदलली. डब्यातल्या मेथीच्या पराठ्याला कोण काय म्हणालं. एकदा पाय हलवत हलवत तिने सांगितलं की शाळेत 'माझं कुटुंब' लिहायला सांगितलं होतं तेव्हा तिने लिहिलं, आमचे बाबा शनिवार-रविवारी आमच्याकडे राहतात. मी हसले. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तोही हसला. मग तो उठून उद्याची बॅग भरायला लागला.

वर्षभरात ती माझ्या कितीतरी पुढे गेली. मी सोप्या उतारावरून रडतखडत यायचे, ती पलीकडच्या अवघड उतारावरून सरसर खाली जायची आणि लिफ्टपाशी काठ्या रोवून माझ्याकडे बघत उभी राहायची. मी तिला बजावून ठेवलं होतं की माझ्यासाठी थांबायचं. ती थांबते ती मी सांगितलंय म्हणून, असं मी धरून चालले होते.

सहावीत शाळेच्या स्की क्लबचा फॉर्म आला. दर बुधवारी शाळा सुटल्यावर बस त्याच टेकडीवर न्यायची आणि पावणेआठला परत आणायची. आईवडिलांनी यायचं नाही. क्लबला लागलेली मुलं मग शनिवारी आईबापांबरोबर फारशी दिसत नसत, हे मी बघितलं होतं. मी म्हटलं, "पुढच्या वर्षी बघू." ती "ओके" म्हणाली. रुसवा नाही, आदळआपट नाही. पोरगी किती समजूतदार आहे, हे मी नागपूरला बहिणीला फोन करून मुद्दाम सांगितलं.

सातवीत फॉर्म पुन्हा आला. या वेळी तिने तो जेवणाच्या टेबलावर, मिठाच्या बरणीखाली ठेवला, आणि म्हणाली, "धिस इयर, आई."

मी नवऱ्याला फोन केला. तो कुठल्यातरी हॉटेलातून बोलत होता.

"अगं यार, जाऊ दे ना. स्कूलचीच ट्रिप आहे. टीचर्स असतील."

"पडली, हरवली तर?"

"तू रोज बघतेस तिला, तूच ठरव. मी इथून काय सांगणार?"

ते खरंच होतं. तो तिथून काय सांगणार? पण फोन ठेवल्यावर मला त्याचा फार राग आला. ठरवायच्या सगळ्या गोष्टी माझ्या वाट्याला आणि विमानाचे पॉइंट्स त्याच्या वाट्याला.

मग मी आमच्याच आवारातल्या काकूंना विचारलं. त्या मुंबईच्या, तीस वर्षांपासून इथे. त्यांची दोन्ही मुलं नोकरीला लांब गेलेली. मला वाटलं होतं, जुन्या वळणाच्या आहेत, नको म्हणतील. त्या म्हणाल्या, "पाठव गं. ती विचारतेय तोवर पाठव. नंतर विचारतसुद्धा नाहीत."

घरी येऊन मी परीक्षा ठेवली. शिक्षिकेची खोड जात नाही. वहीत मुद्दे काढले आणि टेबलावर तिला समोर बसवलं.

"पडलीस तर कोणी न उठवता उठता येतं का?"

"येस."

"स्वतःच्या स्कीज स्वतः उचलून बसपर्यंत नेशील?"

"आई, आय कॅरी युअर्स टू."

हे मला विसरायला झालं होतं. मैत्रिणींची चुकामूक झाली तर कुठे थांबायचं, हाताची बोटं बधिर झाली तर काय करायचं, लिफ्ट मध्येच बंद पडली तर काय करायचं नाही, सगळं तिने धडाधड सांगितलं. मी अभ्यासक्रमाबाहेरचे प्रश्न काढले. तेही तिला आले. शेवटी वही मिटून मी म्हटलं, "मग जायला हरकत नाही." तिने उठून मला मिठी मारली. तशी मिठी तिने बऱ्याच दिवसांत मारली नव्हती, आणि ती माझ्यापासून लांब जायला मिळाल्याबद्दल होती.

फॉर्म मी दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेल्यावर भरला. पत्ता, फोन, डॉक्टरांचं नाव. शेवटी तीन चौकोन: मुलाला स्कीइंग कितपत येतं? नवशिका, मध्यम, उत्तम.

इथे माझं घोडं अडलं. आपल्या लेकराचं कौतुक आपण करायचं नाही, हे आमच्या घरात बाळकडूसारखं पाजलेलं. कोणी म्हटलं मुलगी हुशार आहे, की आई लगेच म्हणायची, "कसली हुशार, नुसती वेंधळी आहे." मीही तेच करायचे. चौथीत असताना तिच्या बाईंनी पालकांच्या भेटीत तिचं वाचन किती छान आहे ते सांगितलं, तेव्हा मी म्हटलं होतं की घरी मात्र फार आळशी आहे. त्या बाई इतक्या गंभीर झाल्या की त्यांनी मला विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? तेव्हा तिसऱ्या चौकोनात खूण करणं म्हणजे मला भर चौकात उभं राहून माझी मुलगी बघा म्हणून ओरडण्यासारखं वाटलं. दुसऱ्या चौकोनाशी पेन नेलं. मग पहिल्यात खूण केली. थोडंफार येतं, एवढंच आपण म्हणावं. बाकीचं लोक बघतील आणि म्हणतील. पाकीट चिकटवून तिच्या दप्तरात ठेवलं.

जानेवारीतला पहिला बुधवार आला. ती सकाळीच स्कीज घेऊन गेली. साडेतीनला घराचं दार उघडलं नाही. ते उघडणार नाही हे मला माहीत होतं, तरी मी साडेतीनला दाराकडे बघितलं. चहा टाकला, दोन कप टाकला. तिला तसाही चहा देत नव्हते मी, दुसरा कप कोणाचा, काय माहीत. पावणेआठच्या बससाठी मी सातलाच शाळेच्या आवारात गाडी लावून बसले. आजूबाजूला एकही गाडी नव्हती. काच धुक्याने भरायची, मी पुसायचे. जिवाला इतका घोर लागला होता की बस वळणावर दिसली तेव्हा मी आधी टायर बघितले, चारही आहेत का म्हणून.

ती सगळ्यात शेवटी उतरली. मैत्रिणींशी बोलत नव्हती. गाडीत बसली, पट्टा लावला आणि समोर बघत राहिली. हातपाय धड आहेत ना, एवढं मी डोळ्यांनीच तपासून घेतलं.

"काय झालं?"

"यू टोल्ड देम आय ॲम अ बिगिनर."

मग तिने सांगितलं. नवशिक्यांना पिवळी जाळीची बंडी घालायला दिली होती. पूर्ण तीन तास ती खालच्या सपाट तुकड्यावर, आयुष्यात पहिल्यांदा स्कीज घातलेल्या मुलांबरोबर पिझ्झा करत होती. तिच्या मैत्रिणी लिफ्टवरून तिला हात करत होत्या. तिने शिक्षिकेला सांगितलं की मला येतं. शिक्षिकेने फॉर्म काढून दाखवला. तुझ्या आईने सही केली आहे, ती नवा फॉर्म देईपर्यंत मला बदलता येणार नाही.

"अगं, आपल्यात असं आपणच आपल्या मुलांचं..." मी सुरुवात केली.

"आई, यू आर द ओन्ली वन हू हॅज सीन मी."

ती रडत नव्हती. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. खरंच, तिला स्की करताना माझ्याशिवाय कोणी बघितलं होतं? बाप नाही, बाई नाहीत, मैत्रिणीही नाहीत. चार वर्षं रडतखडत उतरताना मी मान वर करून फक्त तिला बघत होते. जगात एकच साक्षीदार, आणि त्याने साक्ष फिरवली.

मी म्हटलं, "चुकलं माझं. उद्याच बदलून देते. मागच्या वर्षी तू किती शहाण्यासारखं ऐकलं होतंस, आणि मी..."

"दॅट वॉजन्ट," ती म्हणाली आणि थांबली. गाडी बंद होती, हीटर बंद होता. दांडी नव्हती, लिफ्ट नव्हती. तरी पुढचं ती मराठीत बोलली. "मी गेले असते तर तुझ्याबरोबर लिफ्टवर कोण बसलं असतं?"

किल्ली फिरवायला हात पुढे केला आणि तो तसाच राहिला. ती लिफ्टपाशी काठ्या रोवून उभी राहायची ते माझ्या सांगण्यावरून नाही, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. मी पडते का ते बघायला ती थांबत होती. आठव्या वर्षापासून.

आणि आता लिहायलाच बसले आहे तर तेही लिहून टाकते. कौतुक करायचं नाही हा संस्कार खरा, पण त्या फॉर्मबरोबर एक माहितीपत्रक होतं आणि मी ते वाचलं होतं. नवशिक्यांना लिफ्टवर नेणार नाही असं त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं. पहिल्या चौकोनावर पेन टेकवताना मला ते माहीत होतं. तिच्या शेजारची ती जागा माझी होती आणि मला ती दुसऱ्या कोणाला द्यायची नव्हती. नम्रपणाच्या पदराखाली मी हे झाकलं, आणि झाकलंय हे त्या रात्रीपर्यंत स्वतःलाही कळू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या ऑफिसात बसून नवा फॉर्म भरला. तिसऱ्या चौकोनात खूण केली. खाली पालकांना काही सांगायचं असल्यास म्हणून दोन ओळी होत्या. त्यात मी इंग्रजीत लिहिलं की ती फार चांगलं स्कीइंग करते, माझ्यापेक्षा खूप चांगलं, तिला माझी गरज नाही. एवढं लिहायला मला बराच वेळ लागला. काउंटरवरच्या बाईंनी ते वाचलं आणि म्हणाल्या, "यू मस्ट बी सो प्राउड." मी आयुष्यात पहिल्यांदा नाही म्हटलं नाही.

पुढच्या बुधवारी ती बसमधून हसत उतरली. घरापर्यंत अखंड बोलत होती, सगळं इंग्रजीत. कोण कोणाबरोबर लिफ्टवर बसलं याची अख्खी गोष्ट होती त्यात. मी ऐकत होते आणि मला खरोखर आनंद झाला होता. तो आनंद घरी पोचेपर्यंत पुरला.

शनिवारी मी आमच्या दोघींचे बूट दारात काढून ठेवले. ती सोफ्यावर वही घेऊन बसली होती, मैत्रीण यायची होती, दोघींचा काहीतरी प्रोजेक्ट होता. "तू जा ना, आई," ती म्हणाली. नवरा लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाला, "हो, जा की." मी तिचे बूट परत आत ठेवले आणि गेले.

लिफ्टच्या रांगेपाशी काम करणाऱ्या माणसाने एक बोट वर करून विचारलं, "सिंगल?" मी मान हलवली. माझ्या जोडीला मागून कोणी आलं नाही. मी सवयीने उजव्या बाजूला बसले आणि खुर्ची एका अंगाला कलली. एकटं माणूस असेल तर मधोमध बसायचं असतं, हे चार वर्षांत मला माहीत करून घ्यायची वेळ आली नव्हती. सरकले. दांडी खाली ओढली. चार मिनिटं पायांखालून झाडं गेली. नियमाप्रमाणे बोलायचं होतं, पण बोलले नाही.

मी तीनदा पडले. तिसऱ्यांदा एक स्की पायातून सुटून बरीच खाली जाऊन थांबली. दुसरी काढून हातात घेतली आणि त्या जड बुटांनी एकेक पाऊल रोवत खाली गेले. एक तरुण जोडपं थांबून विचारत होतं, मी ठीक आहे का. मी हो म्हटलं, ते गेले. खाली लिफ्टपाशी नजर गेली. तिथे बरीच माणसं होती.

घरी आले तेव्हा मैत्रीण गेली होती. मुलगी अजून सोफ्यावरच होती. तिने वहीतून डोकं वर न काढता विचारलं, मराठीत, "किती वेळा पडलीस?"

"तीनदा."

"कोणी उठवलं?"

"कोणी नाही."

"स्कीज कोणी उचलल्या?"

"मीच."

तिने डोकं वर काढलं, माझ्याकडे नीट बघितलं, आणि वही मिटली. "मग जायला हरकत नाही," ती म्हणाली.

परीक्षेत पास झाल्यावर आनंद व्हायला हवा. मी पाठ वळवून ओले मोजे हीटरवर वाळत घातले आणि बराच वेळ ते सारखे करत उभी राहिले.